धुळ्याहून सुरतला नणंदेकडे शनिवार-रविवार जायचंय, गाडीने जावं की रेल्वेने, आणि दोन दिवसात काय काय जमेल?

देवपूरची_वहिनी

नमस्कार मंडळी. आम्ही धुळ्याचे, देवपुरात राहतो. माझी मोठी नणंद सुरतला डिंडोलीत असते, लग्न झालं तेव्हापासून तिकडेच. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीच येते, दिवाळीला तीच येते, आम्ही मात्र अजून तिच्या घराचा उंबरा बघितलेला नाही. आता सासूबाईंनी धोशा लावलाय की माझे गुडघे चालतायत तोवर मला लेकीचं घर दाखवून आणा, म्हणून संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार ठरवलाय. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन पोरं. शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी, सोमवारी पोरांची शाळा आहे.

आता प्रश्न असे की मिस्टर म्हणतात आपली गाडी काढू, सासूबाई म्हणतात रेल्वेने जाऊ कारण गाडीत पाय आखडतात, पण धुळ्याहून सुरतची थेट रेल्वे कुठे आहे, दोंडाईचा नाहीतर नंदुरबार गाठावं लागेल ना? दुसरं म्हणजे नंदोई लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला आहेत, त्यांचं घर म्हणजे एक खोली, पुढे स्वैपाकघर आणि वर पत्र्याची खोली काढलीय म्हणे, त्यात आम्ही पाच जण कुठे मावणार, म्हणून मिस्टरांनी हॉटेलचं नाव काढलं तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसरं, मेमध्ये चुलत दिराचं लग्न आहे, त्याचा थोडा बस्ता सुरतेतून उरकता आला तर बरं. आणि पोरांना समुद्र बघायचाय. एवढं सगळं होईल का? आणि जाताना घेऊन काय जावं, मिठाई नेऊ का?

तापीकाठ_नंदुरबार

ताई, रेल्वेचं आधी सांगतो कारण माझं आयुष्य याच लाइनवर चाललंय. धुळ्याची जी लाइन आहे ती चाळीसगावला जाते, ती तुम्हाला एकदम उलटी. सुरतला जाणारी तापी लाइन तुमच्या उत्तरेकडून जाते, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उकाई सोनगढ, व्यारा, बारडोली, चलथान आणि मग उधना. नंदुरबारहून सुरत दीडशे-एकशे साठ किलोमीटर, गाडी चांगली असली की अडीच-तीन तासात पोचता. नवजीवन आहे, अमरावती-सुरत आहे, भुसावळ-सुरत पॅसेंजर आहे, छपऱ्याहून येणारी ताप्तीगंगा पण आहे पण पोरं आणि म्हातारं माणूस घेऊन तिच्यात चढू नका, रिझर्वेशन असलं तरी आपल्या सीटवर आधीच चार जण बसलेले असतात आणि ते कालपासून बसलेले असतात, त्यांना उठवायला तोंड होत नाही.

एक महत्त्वाचं, डिंडोलीला जायचं तर सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा, तिथून रिक्षा जवळ पडते. आणि तिकीट काढताना गाडी सुरतला संपते का उधन्याला ते नीट वाचा, सुरत स्टेशनच्या कामामुळे बऱ्याच गाड्या उधन्यावर हलवल्या होत्या.

पण खरं सांगू का, धुळ्याहून पाच माणसं असतील तर गाडीच बरी. देवपूरहून पहाटे दोंडाईच्याला जायचं म्हणजे दीडेक तास, तिथं गाडीची वाट बघा, मग पुढचा प्रवास, त्यापेक्षा साक्रीवरून सरळ. रेल्वेची हौस असेल तर एकट्या मिस्टरांना सासूबाईंबरोबर पाठवा हाहा.

बट्टीवाला_भो

गाडीचं मी सांगतो. धुळे, कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, पुढं गुजरात. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये चहा-नाश्ता धरून पाच तास पकडा. घाटात ट्रक मागे लागतात म्हणून पाचला निघा, सातला निघालात तर घाटातच दीड तास जाईल. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी दहिवेलला आणि व्याऱ्याला उतरवून चालवा, एका दमात नेऊ नका. कडोदऱ्याला ट्रॅफिक लागणारच, तिथं शिव्या न देता बसायचं.

आणि एक गोष्ट मिस्टरांना वाचून दाखवा. भाऊ, मेव्हण्याकडे जातोय म्हणून डिक्कीत बाटली टाकू नका!! गुजरातमध्ये दारूबंदी राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून आहे. नवापूरच्या पुढे चेकिंग लागतं आणि एमएच पासिंगची गाडी बघितली की डिक्की उघडायला लावतात. कोणी सांगेल की बाहेरच्या माणसाला परमिट मिळतं, ते मिळतं पण तिथल्या ठरलेल्या दुकानातून घ्यायला, इथून न्यायला नाही. आमच्या गल्लीतले एक जण लग्नाला चालले होते, वऱ्हाड पोचलं आणि हे सोनगढच्या पोलीस स्टेशनात बसलेले, नवरदेवाचे काका ना भो, हळद उतरली तरी काका नाहीत.

नवापूरला रेल्वेने गेलात तर प्लॅटफॉर्मवरचा बाक बघा, अर्धा महाराष्ट्रात अर्धा गुजरातेत, स्टेशनच दोन राज्यांत आहे, तिकीट खिडकी आपल्याकडे आणि स्टेशन मास्तर त्यांच्याकडे. पोरांना फोटोला मजा येईल.

डिंडोलीकर

वहिनी, मी सुरतेतच जन्मलेला, आजोबा बहात्तरच्या दुष्काळानंतर शिंदखेडा तालुक्यातून इकडे आले आणि लूमवर लागले, त्यामुळे तुमच्या नणंदेच्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

गाडी की रेल्वे हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तुमच्या नंदोईंची शिफ्ट कोणती. लूमवर सात ते सात असते, एक आठवडा दिवसपाळी असली तर पुढे रातपाळी, बाराबारा तास. रातपाळी असली तर तो माणूस सकाळी साडेसातला घरी येऊन झोपतो, त्याच खोलीत, आणि तुम्ही पाच जण दहा वाजता दारात. तो बिचारा उठून बसणार, हसणार, चहा घेणार, पोरांना दुकानात नेऊन वेफर्स आणणार आणि परत संध्याकाळी सातला लूमवर जाऊन बारा तास उभा राहणार. तुम्हाला कळणार पण नाही. आणि बहुतेक ठिकाणी पगार मीटरवर असतो, जेवढं कापड निघालं तेवढे पैसे, म्हणजे तुमच्यासाठी सुट्टी टाकली तर ती फुकटची सुट्टी नाही, त्या दिवसाचा पैसा गेला. शहरभर रविवारी सुट्टी असते असं समजू नका, सुट्टी कुठल्या वारी हे कारखान्यावर असतं. म्हणून नणंदेला फोन करून सरळ विचारा की भावजींची दिवसपाळी कोणत्या आठवड्यात आहे आणि त्या आठवड्यात या. तुम्ही विचारलं नाहीत तर ती स्वतःहून सांगणार नाही, माहेरची माणसं येतायत म्हटल्यावर कोणती बाई सांगेल की नका येऊ या शनिवारी? माझी आई तरी कधी बोलली नाही.

राहायचं म्हणाल तर हॉटेलचं नाव परत काढू नका. आमच्याकडे अशा खोल्यांमध्ये लग्नाची पंधरा माणसं झोपलेली मी बघितलीयत, गच्चीवर गाद्या पडतात, शेजारची रूम एका रात्रीसाठी मोकळी करून देतात, शेजारी पण पारोळ्याचे नाहीतर शहाद्याचेच असतात. जानेवारीत सुरतेला थंडी कमी, धुळ्यासारखी हाडात शिरत नाही, तरी पांघरुणं तुमची तुम्ही आणा, ती एक गोष्ट तिच्याकडे पुरणार नाही. सासूबाईंना पत्र्याच्या खोलीत चढवू नका, जिना उभा असतो, त्यांना खाली झोपवा. आणि सकाळी संडासासाठी घाई करू नका, गल्लीत पाण्याची ठराविक वेळ असते, ती नणंदेला विचारून अंघोळी लावा.

संक्रांतीनंतर येताय ते बरं केलंत. चौदा-पंधराला इथं उत्तरायण, पूर्ण शहर गच्चीवर असतं, मांजाने माणसं कापतात म्हणून टू-व्हीलरला पुढे तारेची कमान लावून फिरतात. नंतर सुद्धा आठवडाभर झाडांना, तारांना मांजा लोंबत असतो, पोरांना बाईकवर पुढे बसवून कोणी फिरवायला निघालं तर नाही म्हणा.

मेहरूणची_बोरं

मिठाई?? सुरतला मिठाई नेणार? अहो घारी, नानखटाई, काय काय तिथंच मिळतं, उलट येताना तीच तुमच्या हातात देतील. दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, घेऊन जा. तिकडच्या बायकांना गव्हाचं, तांदळाचं अप्रूप नसतं, दादरची भाकरी म्हटलं की डोळे चमकतात. दहा-पंधरा किलो दादर, कळण्यासाठी उडीद मिसळून दळून नेलंत तर अजून छान पण दळलेलं जास्त टिकत नाही म्हणून निम्मं दळून निम्मं दाणे. नंदुरबारची लाल मिरची, बिबडे, कोंडया, नागलीचे पापड. भरताची हिरवी वांगी या दिवसात मस्त असतात, कोणी भुसावळ-जळगावकडून येणारं असेल तर मागवा, आणि मेहरूणची बोरं मिळाली तर पोरांसाठी. माझी मामी लिंबायतला असते, तिच्याकडे एकदा आम्ही काजूकतलीचा बॉक्स घेऊन गेलो, तिने तो न उघडता फ्रिजवर ठेवला आणि पिशवीत हात घालून विचारलं, मिर्ची नही लई उन्यात का? (मिरची नाही आणलीत का?)

आणि नणंद आहे म्हणजे साडीचोळी तर न्यालच, पण ती सुरतहून विकत घेतलेली नको. धुळ्यातून घ्या. सुरतेतल्या बाईला सुरतची साडी दिली तर ती भाव ओळखते लगेच.

देवपूरची_वहिनी

बापरे, किती विचार केला नव्हता मी. डिंडोलीकर दादा, फोन केला नणंदेला. आधी म्हणाली काही नाही, तुम्ही कधीही या, बठ्ठा जन या, सगळेच या. मग मी दोनदा विचारल्यावर सांगितलं की त्या आठवड्यात रातपाळी आहे. पुढच्या शनिवारी दिवसपाळी. तर आता तारीख एक आठवडा पुढे ढकलली. मिस्टरांना बाटलीचं वाचून दाखवलं, ते म्हणाले मी कुठे नेत होतो, पण चेहरा बघण्यासारखा होता.

आता समुद्र आणि बस्ता यांचं सांगा. शनिवारी दुपारी पोचू असं धरून.

डिंडोलीकर

बस्ता शनिवारीच. रिंग रोडची कापड मार्केटं रविवारी बंद असतात, रविवारी गेलात तर शटर बघून परत याल. दुपारी पोचल्यावर जेवून तीनला निघा, नणंदेला बरोबर न्या, भावजींना नका, ते सातला सुटणार. रिंग रोडला जे मोठे टॉवर आहेत तिथे होलसेलवाले एक साडी देत नाहीत, एकाच डिझाइनचे सहा-आठ रंग असा सेट घ्यावा लागतो. लग्नात बायकांना वाटायच्या साड्या असतील तर तो सेट तुम्हाला फायद्याचा, एक-एक निवडून घ्यायची असेल तर बॉम्बे मार्केटला जा, तिथं सुट्या मिळतात. नवरीचा शालू वगैरे तिथं बघू नका, सुरतचं काम सिंथेटिक कापडाचं, रोजच्या आणि देण्याघेण्याच्या साड्यांचं, शालू-पैठणीसाठी येवला तुम्हाला धुळ्याहून लांब नाही. रिक्षावाला "मी दुकान दाखवतो" म्हणाला की उतरून दुसरी रिक्षा करा.

समुद्र म्हणजे डुमस. आधीच सांगतो, वाळू काळी आहे आणि पाणी मातकट, पोहायचं नाही, तिथं लोक टोमॅटोची भजी खायला जातात. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी लावून बेसनात तळतात, पोरांना आवडेल. रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रविवारी सकाळी लवकर जा. गाडी वाळूत नेऊ नका, भरती आली की चाक रुततं आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. येताना पाल भागातलं मत्स्यालय करता येईल, पोरांना ते समुद्रापेक्षा जास्त आवडेल बहुतेक.

सकाळचा नाश्ता लोचो. वाफवलेलं डाळीचं पातळसर खमण, वरून तेल, शेव, कांदा, मसाला. घरी करू नका म्हणावं नणंदेला, बाहेरून आणा आणि पैसे मिस्टरांनी द्यावेत, भावजींनी खिशात हात घालायच्या आत. जानेवारीत पोंक असतो, कोवळ्या ज्वारीचा, अडाजणला सरदार पुलाजवळ दुकानं लागतात, लिंबू-मिरीची शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर खातात. आपल्याकडच्या हुरड्यासारखं शेतात बसून नाही, पुलाखाली हॉर्नच्या आवाजात, पण चव खरी आहे.

जुनी_वही

सगळे खाण्यापिण्यावर आहेत म्हणून मी मध्ये बोलतो. पोरं शाळेत शिवाजी महाराजांची सुरत शिकतात ना, मग चौक बाजारचा किल्ला दाखवा. तापीच्या काठावरच आहे, सोळाव्या शतकात सुलतान महमूद तिसरा याच्या काळात पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना कंटाळून बांधला, आता महापालिकेने दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय. जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान शहर सोडून याच किल्ल्यात जाऊन बसला होता. इंग्रज मात्र आपली वखार धरून राहिले, त्यांचा मुख्य जॉर्ज ऑक्झेंडन. त्याची कबर कतारगामच्या इंग्रजी दफनभूमीत आहे, कबर कसली, घुमट आणि कमानींचा दुमजली वाडाच. जवळच डच दफनभूमी, तिथं व्हान ऱ्हीडचं थडगं, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढणारा माणूस. किल्ल्याच्या वेळा आणि बंदचा वार आधी बघून जा.

आणि सासूबाईंना सांगा की किल्ल्यावरून जी नदी दिसते ती आपल्या प्रकाशा गावाला दिसते तीच तापी. तिथं शेतीचं पाणी, इथं कारखान्याचं, मध्ये उकाई धरण. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं तेव्हा रांदेर-अडाजणकडे पहिले मजले बुडाले होते.

बट्टीवाला_भो

जुनी वही साहेब, दोन पोरं, गुडघ्याची आजी आणि बस्त्याची पोतडी घेऊन दफनभूमी? राहू द्या. किल्ला ठीक आहे.

तसंही सुरत काही परमुलूख नाही, उधन्याला उतरून पाच मिनिटं उभे राहा, निम्मे लोक आपल्या अहिराणीत "कथा जाई राह्यनात" (कुठे चाललात) करून बोलत असतात, पाट्या तेवढ्या गुजरातीत. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील पण मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच.

डिंडोलीकर

भो, तुम्ही दोन दिवस येता म्हणून असं वाटतं. इथं राहणाऱ्याला दोन्हीकडून ऐकावं लागतं. इथले आम्हाला मराठी म्हणतात, गावाला गेलो की पोरांना "सुरतवाला उना" (सुरतवाला आला) म्हणतात. माझी मुलगी गुजराती माध्यमात शिकते, आजीशी अहिराणी बोलते, मराठी वाचता येत नाही तिला. तक्रार नाही करत, पण वहिनी, तुमच्या नणंदेच्या पोरांना तुमची पोरं चिडवणार नाहीत एवढं बघा. "तुला मराठी येत नाही का" हे वाक्य आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याचं पोर बोलतं आणि मग संध्याकाळपर्यंत आमची पोरगी वरच्या खोलीतून खाली येत नाही.

देवपूरची_वहिनी

हे बरं सांगितलंत दादा. माझा मोठा नक्कीच बोलला असता, त्याला आत्ताच दम देऊन ठेवते.

तर ठरलं असं, गाडीने पहाटे पाचला, शनिवारी दुपारी बॉम्बे मार्केट, रात्री सगळे घरी, रविवारी सकाळी डुमस आणि मत्स्यालय, दुपारी नणंदेच्या हातचं जेवण आणि चारला परत. किल्ला मिस्टर म्हणतात होणार नाही, बघू. दादर सासरे-काकांकडून काढायला सांगितलीय, दळणाचं सासूबाई स्वतः बघणार आहेत, त्यांनी गिरणीवाल्याला आजच बजावून ठेवलंय की आधी दुसऱ्या कोणाचा मका दळू नको.

एकच राहिलं, परतीला चारला निघालो तर कोंडाईबारीचा घाट अंधारात येईल का?

बट्टीवाला_भो

येईल. चार म्हणजे तुमचे साडेपाच होणार, नणंद रडणार, सासूबाई रडणार, डबे भरणार. दोनला निघायचं असं घरात सांगा म्हणजे साडेतीनला निघाल. नवापूरला चहा घ्या, घाटात घाई नको, ट्रकच्या मागे मागे या. साक्रीला पोचलात की मग धुळं आलंच.

तापीकाठ_नंदुरबार

आणि सासूबाई तिकडेच आठ दिवस राहते म्हणाल्या तर हो म्हणा ताई, त्यांना परत आणायला नवजीवनचं तिकीट मी सांगतो, दोंडाईच्याला थांबते का ते बघून, नाहीतर नंदुरबारला मी उतरवून घेतो.